जुना हिरो, नवा हिरो आणि मधला अंक: पोरांच्या हस्तलिखित कॉमिकसाठी

गावातल्या पोरांचं कॉमिक बहुतेक जून महिन्यात बंद पडतं. सातवी झालेली पोट्टी तालुक्याच्या शाळेत जातात, कोणी वसतिगृहात, कोणी मामाकडे, आणि त्यांच्यासोबत त्यांचा हिरोही जातो. मागे राहिलेली पाचवी-सहावीची मुलं मग जुन्याच हिरोला तसंच पुढे ओढतात आणि तिसऱ्या अंकापर्यंत कंटाळतात. किंवा सगळं बाजूला सारून स्वतःचा नवा हिरो काढतात, आणि वाचणारी पोरं विचारतात, "मंग त्या धुरकऱ्याचं काय झालं?" या प्रश्नासाठी मध्ये एक अंक, म्हणजे जोडअंक, काढावा लागतो. जुनी गोष्ट तिथे पोचते आणि नवी तिथून निघते. तो कसा करायचा ते मी सांगते.

माझं यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरच्या एका बाजाराच्या गावात झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दिवसभर सातबारा, आधार कार्ड, पीक विम्याची कागदं. शाळा सुटली की काउंटरच्या आतल्या बाकावर कॉमिकवाली पोरं येऊन बसतात. मी स्वतः इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (फँटम) वाचत वाढले, मामाच्या लोखंडी पेटीतला. नागपूरला शिकताना सीताबर्डीच्या फुटपाथवर इंग्रजी कॉमिकचे जुने गठ्ठे चाळले. सुपरहिरोंच्या गोष्टी वर्षानुवर्षं कशा चालू राहतात, एका लेखकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात कशा जातात, हे मला तेव्हापासून फार जवळचं वाटतं.

आमचा जुना हिरो धुरकरी. शंकरपटातला, म्हणजे बैलांच्या शर्यतीतला, बंडी हाकणारा. बैल हाकायची तुतारी जमिनीवर टेकवली की त्याची बंडी वाऱ्याच्या वेगाने सुटते. तो राहतो बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या स्टेशनात, जिथे एके काळी कापसाच्या गाठी चढायच्या. त्याचा वैरी बोगस्या, न उगवणारं बियाणं विकणारा. शेवटच्या अंकात धुरकरी त्याच्या मागे विहिरीत उतरला आणि बंडी रिकामीच घरी आली. तिथे काढणारी मुलं गाव सोडून गेली. नव्या मुलांची हिरो जागली: रात्री वावरातल्या माळ्यावर (मचाणावर) बसून रानडुकरं आणि रोही (नीलगाई) यांच्यापासून वावर राखणारी मुलगी. तिच्या बॅटरीचा उजेड ज्या वस्तूवर पडतो, ती वस्तू कुठून आली ते तिला दिसतं. हे दोघं एका अंकात आणायचे होते. पुढची उदाहरणं त्यांचीच घेते, तुम्ही तुमचे हिरो त्यांच्या जागी ठेवा.

आधी जुने अंक सगळे मिळवा

सगळे म्हणजे सगळे. कोणाच्या दप्तरात, कोणाच्या घरच्या फळीवर, कोणाच्या आजीने पापडाच्या डब्याखाली घातलेले. ते क्रमाने मांडून मोठ्याने वाचून घ्या, नव्या मुलांकडूनच. रफ वहीच्या एका पानावर मध्ये रेघ मारा. डावीकडे पूर्ण झालेल्या गोष्टी, उजवीकडे अर्धवट राहिलेल्या. आमच्या उजव्या बाजूला बरंच काही निघालं: बोगस्या मेला की पळाला, स्टेशनातला कंदील कोण पेटवतं, धुरकऱ्याचा दुसरा बैल कुठे गेला, रिकामी बंडी.

यातली एकच गोष्ट निवडा. मुलं म्हणतील, सगळ्यांची उत्तरं देऊ. देऊ नका. सगळ्या गाठी सोडवायला बसलेला अंक हिशेबाची वही होतो, आणि ज्याने जुने अंक वाचले नाहीत त्याला त्यातलं काहीच कळत नाही. निवड करताना एवढं पाहा की जुन्यांचं अर्धं राहिलेलं काम नव्याच्या पहिल्या कामासारखं वापरता येतं का. १९७५ सालच्या 'जायंट-साइझ एक्स-मेन' क्रमांक १ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी नेमकं हेच केलं. एक्स-मेनच्या नव्या गोष्टी १९७० पासून बंद होत्या, मासिकात जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या जात होत्या. या अंकात जुना संघ एका बेटावर अडकलेला आहे, एकटा सायक्लॉप्स परत आलाय, आणि प्रोफेसर एक्स जगभरातून नवी माणसं गोळा करतो ती जुन्यांना सोडवायलाच. स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस तिथे पहिल्यांदा आले. वुल्व्हरिन आधी हल्कच्या अंकात दिसला होता, पण संघात तो इथेच आला. नवे लोक कोण आहेत हे वाचकाला त्यांच्या कामातून कळतं. आणि शेवटी बेटावरून सुटका झाल्यावर प्रश्न उरतो की आता एवढ्या सगळ्यांचं करायचं काय. पुढच्या मालिकेला सुरुवात करायला तो प्रश्न पुरतो.

आम्ही रिकामी बंडी निवडली.

वस्तू एकच, आणि ती जुनीच

जुन्या गोष्टीतून नव्या गोष्टीत एक वस्तू चालत आली पाहिजे. ती नव्याने शोधून काढू नका. जुन्या अंकांत वारंवार काढलेली असली पाहिजे, म्हणजे जुना वाचक ती पाहताक्षणी ओळखतो. आमच्याकडे ती तुतारी. जुन्या मुलांनी तिच्या मुठीला पितळेची कडी आणि दोन घुंगरं काढली होती. आम्ही जुन्या अंकावर ट्रेसिंग पेपर ठेवून ती तशीच्या तशी उतरवली, घुंगराचा वाकडेपणासुद्धा. तो वाकडेपणा चित्र काढणाऱ्या मुलीच्या हाताचा होता. तो सरळ केला असता तर ती दुसरीच तुतारी झाली असती.

वस्तू पहिल्यांदा दिसते ती चौकट मोठी ठेवा, पानाचा अर्धा भाग तरी. त्या चौकटीत कोणी काही बोलायचं नाही.

मागचं सांगायचं किती

मुलांचा सगळ्यात जास्त आग्रह इथे असतो. जागलीच्या बॅटरीत भूतकाळ दिसतो म्हटल्यावर पोरं म्हणाली, तुतारीवर उजेड पाडू आणि चार पानं जुनी गोष्ट दाखवू. मी नको म्हटलं, आणि तुम्हीही म्हणा. शक्तीवर मर्यादा घाला: उजेडात एकच चौकट दिसते, पुढचं तिला स्वतः शोधावं लागतं. हिरोची शक्ती गोष्ट सांगायच्या कामी लावली की हिरोला करायला काही उरत नाही.

मागचं सांगायच्या दोन चांगल्या वाटा आहेत. पहिली १९५६ सालची. 'शोकेस' क्रमांक ४ मध्ये वाऱ्यासारखा धावणारा नवा फ्लॅश आला, पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणारा बॅरी ॲलन. त्याच्या अंगावर वीज पडायच्या आधी तो बसून काय वाचत असतो, तर जुन्या फ्लॅशचं, म्हणजे 'जे गॅरिक' नावाच्या हिरोचं कॉमिक. जुना हिरो नव्याच्या जगात एक छापील पुस्तक आहे! एका चौकटीत सगळं सांगून झालं. आमच्याकडे पहिल्याच पानावर जागली माळ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात धुरकऱ्याचा शेवटचा अंक वाचते आहे. त्या जुन्या अंकाचं खरं मुखपृष्ठ तिच्या हातात काढलंय. तिच्यासाठी तो गोष्टीतला माणूस. चौथ्या पानावर धुऱ्याच्या बोरीखाली तिला खरीखुरी तुतारी सापडते.

दुसरी वाट आपल्या मातीतली, आणि मला ती जास्त आवडते. आमचा अंक पोळ्याच्या दिवसात घडतो. आखरावर तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात ना, त्यात मागची सगळी गोष्ट बसवली. मुलांनी ही केली:

बंडी आली रिकामी, जू पडलं खाली,
बोगस्याच्या बियाण्यानं वावरं बुडाली,
धुरकरी गेला विहिरीत, तुतारी राहिली वरी,
सांगा गड्याहो, आता राखण कोण करी?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

चार ओळींत वैरी, घटना, वस्तू आणि प्रश्न आले. तुमच्या गावात पोळ्याऐवजी भजन असेल, दंडार असेल, लग्नातले उखाणे असतील. ज्याला जुनं काही माहीत नाही त्यालाही गंमत यावी आणि ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर काटा यावा, अशी जागा शोधा.

भेट

अंकाचा जीव इथे आहे, म्हणून पानं इथेच खर्च करा. सोळा पानांच्या अंकात पाच पानं भेटीला दिली तरी चालतील.

भेटीत ओळख पटावी लागते, आणि ती नाव सांगून पटवायची नाही. २०१६ च्या मे महिन्यात आलेला 'डीसी युनिव्हर्स: रीबर्थ' क्रमांक १ हा ऐंशी पानांचा अंक या बाबतीत शिकण्यासारखा आहे. २०११ मध्ये डीसी या अमेरिकी कॉमिक कंपनीने आपलं सगळं जग नव्याने सुरू केलं होतं, आणि त्यात वॉली वेस्ट, बॅरीच्या हाताखाली वाढलेला किड फ्लॅश, जगातूनच पुसला गेला. जेफ जॉन्सने लिहिलेल्या या अंकात वॉली काळाच्या बाहेर अडकलाय. तो एकेकाला गाठतो, कोणी त्याला ओळखत नाही. जिच्यावर त्याचं प्रेम होतं ती लिंडासुद्धा नाही. शेवटी तो बॅरीकडे जातो ते फक्त आभार मानून निरोप घ्यायला. आणि तिथे बॅरीला तो आठवतो, बॅरी हात धरून त्याला परत ओढून आणतो. ते पान वाचताना मला दरवेळी भरून येतं. एवढ्या वर्षांच्या वाचकांचा रुसवा एका हाताच्या पकडीत निघाला.

यातून घ्यायचं ते असं: आधी ओळख न पटणं दाखवा, दोनदा तरी. मग ज्याच्याकडून अपेक्षा सोडली तिथे ती पटवा. आमच्या अंकात बोगस्याने धुरकऱ्याला आपलं बियाणं खाऊ घातलंय, त्यामुळे त्याच्या डोक्यात काही उगवतच नाही. (ही कल्पना सहावीतल्या एका मुलाची. मला ती कधीच सुचली नसती.) धुरकरी दूरच्या गावात सालदार म्हणून राहतोय. जागली त्याला तुतारी देते, तो ती नुसती काठी म्हणून दाराला टेकवून ठेवतो. ती त्याला जुना अंक दाखवते, तो म्हणतो, "पोरी, हा कोन आहे? मले नाही माहीत." मग येते पोळ्याची आदली संध्याकाळ. बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून पळसाच्या पानांनी शेकायचं आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं. सालदार म्हणून हे काम त्याच्याकडे येतं. जागलीने आपल्यासोबत धुरकऱ्याचा म्हातारा बैल आणलेला असतो. तो बैल त्याचा हात खांद्याला लागताच मान त्याच्या छातीवर टाकतो. तीन चौकटी, एकाही चौकटीत बोलण्याचा फुगा नाही. चौथ्या चौकटीत धुरकरी बैलाचं नाव घेतो.

नव्या हिरोला बाजूला ठेवून ही ओळख घडवू नका. बैल आणायचं जागलीने ठरवलं, रात्रीची वाट तिने काढली, रस्त्यात रानडुकरांचा कळप तिने फिरवला. भेट तिच्या कष्टाने झाली पाहिजे.

आणि जुन्या हिरोला हास्यास्पद करू नका. मोठी झालेली मुलं हा अंक वाचतातच. १९६१ च्या सप्टेंबरचा 'द फ्लॅश' क्रमांक १२३ पाहा. बॅरी दुसऱ्या पृथ्वीवर पोचतो आणि जे गॅरिकला भेटतो. गॅरिक आता निवृत्त आहे, कानशिलाशी केस पांढरे झालेत, पण त्याचं धावणं अजून शाबूत आहे आणि तो पुन्हा टोप घालून बॅरीच्या बरोबरीने उतरतो. मुखपृष्ठावर मधोमध भिंत, एका बाजूने जुना धावतोय, दुसऱ्या बाजूने नवा, एकाच माणसाला वाचवायला, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. कारमाइन इन्फन्टिनोचं ते मुखपृष्ठ आमच्या मुलांना इतकं आवडलं की आम्ही भिंतीच्या जागी विहीर काढली. आत धुरकरी, वर जागली.

वेताळाची पद्धत मात्र वापरताना विचार करा. ली फॉकच्या वेताळात बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो आणि लोकांना वाटतं हा अमर आहे. जोडअंकाची गरजच पडत नाही. जंगलात ते शोभतं. गावात कोण कोणाचा पोरगा हे सगळ्यांना माहीत असतं, आणि जागलीने धुरकऱ्याचा पटका बांधला की तिची स्वतःची गोष्ट संपते.

जुन्या मुलांना विचारा

पहिला फ्लॅश, जे गॅरिक, १९४० साली गार्डनर फॉक्सने लिहिला होता, आणि एकवीस वर्षांनी दोघा फ्लॅशची भेटही त्याच फॉक्सने लिहिली. कॅप्टन अमेरिका १९४१ मध्ये जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी काढला. १९६४ च्या 'ॲव्हेंजर्स' क्रमांक ४ मध्ये तो बर्फातून बाहेर आला, तेव्हा स्टॅन ली लिहीत होता, पण चित्रं कर्बीचीच होती. जुना हात असला की जुना माणूस खरा दिसतो.

म्हणून गेलेल्या मुलांना फोन करा. धुरकरी पहिल्यांदा चेहऱ्याने दिसतो ते पान आम्ही जुन्या चित्रकार मुलीसाठी कोरं ठेवलं. ती पुसदला वसतिगृहात असते, सुट्टीत आली तेव्हा दुकानात बसून तिने ते काढलं. तिचं शेडिंग बॉलपेनच्या ठिपक्यांचं, नव्या मुलांचं काळ्या जेल पेनच्या आडव्या रेघांचं. फरक दिसतो, आणि दिसू द्या. श्रेयनामावलीत जुन्यांची नावं वर, नव्यांची खाली.

त्यांना न विचारता त्यांचा एखादा अंक रद्द करू नका. जुन्या मालिकेत एकदा धुरकरी चंद्रावर जाऊन आला होता. नव्या मुलांना ते पटत नव्हतं, "ते सपन होतं म्हणू" असं ठरत होतं. कॅप्टन अमेरिकेचंच पाहा. १९६४ मध्ये तो महायुद्धापासून बर्फात होता असं सांगितलं, पण १९५३-५४ मध्ये त्याचे अंक निघाले होते. मग ते कोणाचे? १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्टने त्याच प्रश्नातून गोष्ट काढली: तो कॅप्टन दुसराच माणूस होता, आणि खरा त्याला भेटतो. अडचणीचा अंक ठेवला तर कधीतरी कोणाला त्यातून गोष्ट सुचते. आम्ही चंद्राचा अंक ठेवला, फक्त या अंकात त्याचं नाव काढलं नाही.

कागद, पेन, शिवण

आता माझ्या कामाचं. ए-४ कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणजे सोळा पानांना चार कागद. कागद उघडा असताना एकाच बाजूला शेजारी येणाऱ्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी सतरा यावी: सोळा आणि एक, दोन आणि पंधरा, याप्रमाणे. आधी कोऱ्या कागदांची डमी दुमडून क्रमांक टाका, मगच चित्रं सुरू करा. सगळ्या बाजूंनी बोटभर जागा सोडा, मशीन कडा खातं. निळं बॉलपेन झेरॉक्सवर फिकं उतरतं, पिवळा रंग बहुधा दिसतच नाही, लाल काळा होतो. काळं जेल पेन वापरा आणि पेन्सिलीच्या रेघा शाई वाळल्यावर खोडा. आमच्या मुलीची ठिपक्यांची पानं मी मशीनवर गडद करून काढते. प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे ते बटण असतं, सांगा त्याला.

साधा स्टेपलर मध्यापर्यंत पोचत नाही. तो उघडा करून, अंकाखाली रबरी चप्पल ठेवून पिना दाबा आणि मागून चमच्याने वाकवा. त्याहून बरं म्हणजे सुई-दोऱ्याने तीन टाके.

क्रमांक कोणता टाकायचा यावर भांडण होतंच. जुना क्रमांक पुढे चालू ठेवा. एक्स-मेनचा तो मोठा अंक वेगळा निघाला, पण त्यानंतरचा नेहमीचा अंक ९४ म्हणूनच आला, एक म्हणून नाही. मोठा आकडा पाहून नवा वाचक आधीचे अंक मागायला येतो, आणि मूळ प्रती जपून ठेवल्या असतील तर त्याला लगेच काढून देता येतात. मूळ प्रती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा.

हवाली करायची चौकट

पोळ्याला धुरकरी परत आला, बोगस्याचं गोदाम दोघांनी मिळून उघडं पाडलं. तुतारी कोणाची? ते आम्ही दुसऱ्या दिवसावर ठेवलं, तान्ह्या पोळ्यावर, जेव्हा लहान पोरं लाकडी बैल घेऊन निघतात. धुरकरी तुतारी जागलीला देत नाही. तिची बॅटरी मागून घेतो, तुतारीचं एक घुंगरू सोडवून बॅटरीच्या दोरीत बांधतो आणि परत देतो. तिची शक्ती तिचीच राहते. हवाली करताना नव्याला जुन्याचं हत्यार देण्यापेक्षा नव्याच्या हत्यारात जुन्याची खूण घाला. पुढच्या प्रत्येक अंकात ते घुंगरू काढायचं, विसरायचं नाही; चित्र तपासणाऱ्या मुलाला तेवढं एकच काम द्या.

यानंतरचा अंक लवकर आला पाहिजे, वाचकाच्या डोक्यात भेट ताजी आहे तोवर. त्याची पहिली चार पानं जोडअंक झेरॉक्सला देण्याआधीच काढून ठेवा. आणि त्या अंकात धुरकरी नको. पोरं मागतील, पत्रं लिहितील, तरी नको. जागलीला दोन-तीन अंक एकटीने काढू द्या: कुंपणाचं सोलर झटका मशीन चोरणारे, रात्रीची थ्री-फेज लाइन, नवा वैरी. धुरकऱ्याला आणायचं तर कापूस घरी आल्यावर, शंकरपट भरेल तेव्हा.